चार्जिंगच्या पंपाची मोटर: ब्रशवाली ठेवू, बीएलडीसी घेऊ, का 'पल्स'च्या नादी लागू?

पऱ्हाटीवाला (आर्णी तालुका)

राम राम मंडळी. माह्या जवळ पाठीवरचा चार्जिंगचा फवारा हाये, १६ लिटरचा. बॅटरी १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवर. तिसरा हंगाम. पहिल्या वर्षी एका चार्जिंगमधी १४ टाक्या निघत. यंदा नववी टाकी अर्धी होत नाई तं पंप रडाले लागते. बॅटरी बदलून पाहिली, भावाच्या पंपाची लावली, तरी तेच. कालपासून मोटरीतून करपल्यावाणी वास येऊन राहिला.

कृषी केंद्रवाला म्हणते, "ब्रशची मोटर फेका, बीएलडीसी म्हंजे बिनब्रशच्या मोटरीचा पंप बसवा, अर्ध्या करंटवर चालते." भाचा बडनेऱ्याले इंजिनिअरिंगले हाये, त्याचं तिसरंच. त्यानं सायकलच्या चाकाले चुंबकं चिकटवून 'पल्स मोटर' केली. म्हणते, मामा, हे एक बॅटरी खाते अन् दुसरी भरते.

पऱ्हाटी कमरेच्या वर गेली, चार दिवसांत फवारणी आटपाची हाये. नेमकं काय करू?

---

तांब्याची_तार (हिंगणघाट, वाइंडिंगचं दुकान)

भाऊ, फेकू नका. वास येते म्हंजे ब्रश (फिरत्या वाइंडिंगले करंट पोचवणारा कोळशाचा तुकडा) संपला, नाहीतर ब्रश ज्याच्यावर घासते त्या कम्युटेटरच्या तांब्याच्या पट्ट्यांमधल्या फटी कोळशाच्या भुकटीनं भरल्या. डायफ्रॅम, म्हंजे पंपातला रबरी पडदा, गळत असन तं औषधाचं पाणी शाफ्टवरून मोटरीत उतरते अन् त्या भुकटीचा चिखल होते. मंग करंट वाइंडिंगमधून जायच्या ऐवजी पट्टीवरून पट्टीवर पळते. मोटर करंट जास्त ओढते, काम कमी करते. दर हंगामात असे तीस-चाळीस पंप दुकानात येतात.

मागच्या टोपणाच्या चिमट्या पक्कडीनं सरळ करा, टोपण निघते. फटी हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्यानं कोरा. पट्ट्या बारीक पॉलिश पेपरनं पुसा. एमरी लावू नका, त्याचे कण तांब्यात रुततात अन् नवा ब्रश पंधरा दिवसांत खातात.

अन् एक. ग्राइंडरचा ब्रश घासून बसवाची आयडिया सगळ्यांलेच येते. नका करू. तो नुसत्या कोळशाचा असते. १२ व्होल्टच्या मोटरीले तांबं मिसळलेला, लालसर दिसते तो ब्रश पाहिजे.

---

निवृत्त_निदेशक (अमरावती)

आयटीआयमध्ये एकतीस वर्षं विद्युत विभागात काढली, म्हणून वरच्या शेवटच्या मुद्द्याचं कारण सांगतो. साध्या कोळशाच्या ब्रशवर प्रत्येकी एक व्होल्टच्या आसपास वीजदाब खर्ची पडतो. दोन ब्रश म्हणजे दोन व्होल्ट. ग्राइंडरच्या २३० व्होल्टमधून दोन गेले तर कोणाला कळतही नाही. फवाऱ्याच्या बारातून दोन गेले म्हणजे सहावा हिस्सा मोटर फिरायच्या आधीच उष्णतेत गेला. तांबं मिसळलं की ही गळती बरीच कमी होते. ब्रश तोच दिसतो, हिशेब वेगळा असतो.

आता पऱ्हाटीवाले, तुम्ही आधी मोजा. मोटरीची कार्यक्षमता म्हणजे बाहेर आलेलं काम भागिले आत गेलेली वीज, एवढंच. पंप असल्यामुळे बाहेरचं काम पाण्यात मोजता येतं. साधं पाणी भरा, औषध नको. पाच लिटरचा कॅन आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घ्या. ठिबकच्या फिल्टरवरचं दाबाचं घड्याळ काढून लान्सच्या (हातातल्या फवारणीच्या नळीच्या) आधी जोडा. मग:

दर मिनिटाचे लिटर × दाब (किलो) × १.६३ = पाण्याला मिळालेले वॅट.

व्होल्ट दोन ठिकाणी मोजा, बॅटरीच्या टर्मिनलवर आणि मोटरीच्या तारांवर. दोन्ही एकच असतील असं धरून चालू नका.

---

कूलर_आणि_मी (अकोला)

मध्येच विचारते. आमच्या घरी मागच्या उन्हाळ्यात दोन बीएलडीसी पंखे लावले. जुना पंखा ७५ वॅट खायचा, हा ३० वर चालतो. इन्व्हर्टरवर रात्र निघते. अकोल्यात मे महिन्यात ती रात्र काय असते ते वेगळं सांगायला नको. म्हणजे 'अर्ध्या करंटवर' हे खरंच आहे ना? मग फवाऱ्याला का नको?

---

निवृत्त_निदेशक

ताई, तुमचा आकडा बरोबर आहे, पण तुलना कोणाची कोणाशी आहे ते बघा. जुन्या छताच्या पंख्यात ब्रश नव्हतेच. ती सिंगल फेज इंडक्शन मोटर. तिच्या रोटरमध्ये, म्हणजे फिरत्या भागात, चुंबक नसतं, स्टेटरच्या (स्थिर भागाच्या) विजेनं ते रोटरमध्ये उभं करावं लागतं, आणि एवढ्या लहान, सावकाश फिरणाऱ्या मोटरीत हा खर्च फार पडतो. बीएलडीसीत रोटरवर कायमचं चुंबक बसवलेलं असतं, तो खर्च वाचतो. म्हणून ७५ चे ३० होतात. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं झालं, तेव्हापासून दुकानात फरक डोळ्यांनाही दिसायला लागला.

फवाऱ्याच्या ब्रशवाल्या मोटरीत मात्र चुंबक आधीच असतं, फक्त ते बाहेरच्या डब्याला आतून चिकटवलेलं असतं आणि वाइंडिंग फिरतं. बीएलडीसीत हेच उलटं: चुंबक फिरतं, वाइंडिंग जागेवर. करंटची दिशा बदलायचं काम ब्रशऐवजी ट्रान्झिस्टर करतात, चुंबक कुठं आहे हे हॉल सेन्सर सांगतो. म्हणजे इथं वाचतं ते ब्रशचं घर्षण, ब्रशवर खर्ची पडणारे व्होल्ट आणि थोडी वाइंडिंगची उष्णता, कारण बाहेरचं वाइंडिंग लवकर थंड होतं. चांगल्यापैकी ब्रशवाली लहान मोटर ६० ते ७५ टक्के देते, चांगली बीएलडीसी ८० ते ९०. फरक आहे, पण 'अर्धा' नाही. ती अर्ध्याची गोष्ट पंख्यातून उचलून फवाऱ्यात आणलेली आहे.

---

सौर_मोर्शी

माझ्याकडे सौर पंप आहे, पाच एचपी, बीएलडीसी. पाणी झकास देतो. सकाळी साडेसातला कोवळ्या उन्हात हळूहळू का होईना फिरायला लागतो. रात्रपाळीच्या लाइनसाठी कंदील घेऊन डीपीपाशी जाणं बंद झालं, हे मोठं सुख.

पण ऐका. मागच्या जुलैत वीज कडाडली आणि कंट्रोलर गेला. मोटर शाबूत, विहिरीत पाणी, वर ऊन, आणि पंप बंद. पुरवठादाराचा माणूस यायला २३ दिवस लागले. गावातल्या वाइंडिंगवाल्यानं हात वर केले, त्याचाही इलाज नव्हता. आधीची जुनी मोटर जळली होती तेव्हा दोन दिवसांत भरून मिळाली होती. कार्यक्षमतेच्या टक्क्यांत हे २३ दिवस कोणी धरत नाही.

---

पल्स_प्रयोग (बडनेरा)

मीच तो भाचा. नमस्कार 🙂

सगळे ब्रश आणि ब्रशलेसवरच बोलत आहेत. पल्स मोटरचं तत्त्व वेगळं आहे. कॉइलला सतत करंट देतच नाही, चुंबक समोर आलं की रीड स्विच लागतो, एक झटका, आणि बंद. मधल्या वेळात चाक आपल्या गतीनं फिरतं. बंद करताना कॉइलमधून जो उलटा झटका येतो तो डायोडमधून दुसऱ्या बॅटरीत जातो. मी मोजलंय: कॉइलवर सरासरी ६ व्होल्ट, सरासरी ०.४ अँपिअर, म्हणजे २.४ वॅट. आणि दुसरी बॅटरी तासाभरात ११.९ वरून १२.६ ला गेली. हे तुमच्या सूत्रात कसं बसवणार?

---

तांब्याची_तार

पोट्ट्या, कामाची वायर शिल्लक असन तं मोटर भराले ये दुकानात 😄

उलट्या झटक्याचं मी वावरातल्या भाषेत सांगतो. विहिरीवरची मोटर बंद केली तरी पाइपातलं पाणी चार पावलं वाहतेच. ते विहिरीनं फुकट देल्लं नाई, मोटर चालू असताना तूच वर चढवलं होतं. कॉइलचंही तसंच. फवाऱ्याचा दाब कमी-जास्त करणाऱ्या बटणातला साधा रेग्युलेटर खोलून पाय, मोटरीच्या आडवा एक डायोड लावलेला दिसन. तो झटका रोजच परत मोटरीत घेते, कोणी त्याचा व्हिडिओ करत नाई.

---

निवृत्त_निदेशक

बेटा, प्रयोग केलास हे उत्तम. माझ्या अख्ख्या बॅचमध्ये चाक बनवणारे दोनच निघायचे. पण मोजणी चुकली आहे, आणि चूक तुझी एकट्याची नाही.

समज, बॅटरी १२ व्होल्टची आहे आणि स्विच निम्मा वेळ चालू असतो. चालू असताना १० अँपिअर. त्या निम्म्या वेळात १२ गुणिले १० म्हणजे १२० वॅट, उरलेल्या निम्म्यात शून्य. सरासरी ६० वॅट. आता कॉइलवर मल्टिमीटर लाव. तो दाखवेल सरासरी ६ व्होल्ट आणि सरासरी ५ अँपिअर. गुणाकार ३०. खर्च ६० होतोय आणि मीटर ३० दाखवतोय, कारण सरासऱ्यांचा गुणाकार म्हणजे गुणाकाराची सरासरी नव्हे. तुझे २.४ वॅट असेच अर्धे झालेत. बॅटरीच्या टर्मिनलवर मोज. तिथं व्होल्ट स्थिर असतो, म्हणून १२ × ०.४ = ४.८ हा खरा खर्च.

दुसरं. वाइंडिंगची उष्णता करंटच्या वर्गानं वाढते. सतत ५ अँपिअर दे, ५ चा वर्ग २५. तेच ५ सरासरी ठेवून निम्मा वेळ १० दे, १० चा वर्ग १०० आणि त्याचं निम्मं ५०. ढकलण्याचा जोर सरासरीनं तेवढाच, उष्णता दुप्पट. म्हणून झटक्याझटक्यानं चालवणं मोटरीला महागच पडतं. फवाऱ्याच्या बटणातला रेग्युलेटरही झटकेच देतो, पण सेकंदाला हजारोंनी. इतक्या वेगात वाइंडिंगचं इंडक्टन्स (करंट एकदम बदलू न देण्याचा गुण) करंटला खाली पडूच देत नाही, करंट जवळपास सपाट राहतो. झटके आहेत, पण मोटरीला ते जाणवत नाहीत. तुझ्या चाकात ते कडकडून जाणवतात.

बॅटरीचा १२.६ तर विसरच. लेड-अ‍ॅसिडवर बारीक झटके मारले की वरवरचा व्होल्ट चढतो. हेडलाइटचा बल्ब लाव आणि बघ.

चाकाचं काम मोजायचं असेल तर आसाला दोरा बांध आणि वजन उचल.

---

कूलर_आणि_मी

सरासऱ्यांचा गुणाकार दोनदा वाचला. आता कळलं. माझ्या मुलीला बारावीला हेच अडलं होतं.

---

पऱ्हाटीवाला

मोजलं सर. बायको स्टॉपवॉच धरून, मी लान्स धरून, पोरं घड्याळ वाचाले. शेजारी म्हणे हे काय चाललं बाप्पा, फवारणी का शाळा.

दोन नोझलची लान्स. ५ लिटरले ३ मिनिटं २० सेकंद, म्हंजे मिनिटाले दीड लिटर. दाब १.८ किलो. बॅटरीवर १२.४ व्होल्ट, मोटरीवर ११.५ च! करंट २.३.

---

निवृत्त_निदेशक

वा. मांडतो.

आत: १२.४ × २.३ = २८.५ वॅट. पाण्यात: १.५ × १.८ × १.६३ = ४.४ वॅट. म्हणजे शंभरातले पंधरा कामी, पंच्याऐंशी वाया.

त्यातले बॅटरी ते मोटर या दीड हात तारेत ०.९ × २.३, दोन वॅटच्या वर. मोटर कुठली का असेना, हे दोन वॅट बीएलडीसी लावूनही तसेच जळले असते. तारेची टोकं आणि बॅटरीचे लुग (तारेच्या टोकाला दाबलेले धातूचे जोड) हिरवे झाले असतील, बघा.

आणखी एक विचारतो. एका नोझलवर फवारता तेव्हा पंप टुक-टुक-टुक असा चालू-बंद होतो का?

---

पऱ्हाटीवाला

होते नं! तुरीवर एकच नोझल लावतो, तवा दिवसभर टुकटुक चालू राहते. मले वाटे ते चांगलं, बॅटरी वाचून राहिली.

लुग हिरवेगार निघाले.

---

निवृत्त_निदेशक

उलटं आहे. एक नोझल जेवढं पाणी सोडतं त्यापेक्षा पंप जास्त ढकलतो, दाब चढतो, प्रेशर स्विच मोटर बंद करतो, दाब उतरला की पुन्हा चालू. थांबलेली मोटर सुरू होताना तिच्यात उलटा व्होल्टेज तयार झालेला नसतो, करंटला अडवायला फक्त वाइंडिंगचा रोध. म्हणजे प्रत्येक 'टुक' ला क्षणभर दहा-बारा अँपिअर. ब्रशही तिथंच जळतात. भाच्याच्या आधी मामाकडेच पल्स मोटर होती म्हणा ना.

उपाय फुकटचा आहे: एका नोझलवर बटण खाली आणा, टुकटुक थांबेपर्यंत.

---

तांब्याची_तार

बटण खाली आणा याले माहाही दुजोरा, अन् दुसऱ्या कारणानं. दाब जास्त म्हंजे फवारा चांगला असं पोट्ट्याईले वाटते. दाब वाढला की थेंब बारीक होते, धुकं होते, अन् ते कमरेच्या वरच्या पऱ्हाटीत आपल्याच तोंडावर येते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते दिवस आपल्या इकडं कोणी विसरलं नाई. मोटर दमदार पाहिजे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाले मी पहिले मास्क विचारतो.

---

पऱ्हाटीवाला

तीन दिवसांनी आलो. हिंगणघाट दूर पडते म्हणून आर्णीच्याच दुकानातून तांब्याचे ब्रश आणले. फटी कोरल्या, डायफ्रॅम बदलला, लुग कापून नवे दाबले, बेअरिंगले तेलाचा एक थेंब देल्ला.

आता ५ लिटरले २ मिनिटं ३८ सेकंद. दाब २.८. करंट २.१. बॅटरीवर १२.४, मोटरीवरही जवळपास तेवढाच. टाक्या काल १३ झाल्या.

सर, बीएलडीसीचा हिशेब तेवढा सांगून टाका. कृषी केंद्रवाला रोज विचारते.

---

निवृत्त_निदेशक

१.९ लिटर × २.८ × १.६३ = ८.७ वॅट पाण्यात. आत २६. तेहतीस टक्के. पंधरावरून तेहतीस, त्याच मोटरीत.

आता पुढचं. पंपाचं डोकं काढून नुसती मोटर चालवली तर करंट किती, आणि शाफ्ट पक्कडीत धरून क्षणभर लावली तर किती, सांगाल का? क्षणभरच, जास्त नको.

---

पऱ्हाटीवाला

नुसती ०.५. धरून १२ च्या वर गेला अन् पक्कड हातातून सुटली.

---

निवृत्त_निदेशक

पुरे. १२.४ व्होल्टला साधारण १२ अँपिअर म्हणजे ब्रशसकट वाइंडिंगचा रोध एक ओहमच्या आसपास. कामाच्या वेळी २.१ अँपिअरला वाइंडिंगमध्ये २.१ व्होल्ट जातात, उरले १०.३. करंटमधले ०.५ घर्षणात, उरले १.६. म्हणून शाफ्टवर १०.३ × १.६ = १६.५ वॅट. मोटर ६३ टक्के.

गंमत अशी की कुठल्याही चुंबकवाल्या डीसी मोटरीची सर्वांत चांगली जागा, म्हणजे ज्या करंटवर कार्यक्षमता सर्वांत जास्त, ती असते रिकाम्या करंटच्या आणि अडवलेल्या करंटच्या गुणाकाराचं वर्गमूळ. ०.५ × १२ = ६, त्याचं वर्गमूळ २.४५. तुमची मोटर २.१ वर चालते आहे, म्हणजे ती आपल्या चांगल्या जागेच्या अगदी जवळ आहे. बनवणाऱ्यानं पंपाला मोटर बरोबर जुळवली होती, आपणच लुग गंजवले.

आणि शाफ्टवरच्या १६.५ मधून पाण्यात ८.७ येतात. म्हणजे निम्मं पंपाच्या डोक्यात, झडपांमध्ये आणि डायफ्रॅम दाबण्यात जातं. मोटर बदलली तरी ते डोकं तेच राहणार.

बीएलडीसी ८० टक्क्यांची धरू. १६.५ वॅटसाठी तिला आत २०.६ लागतील. वाचले ५.४ वॅट. १३ टाक्यांच्या १६ होतील. ब्रश झिजायची कटकट संपेल, हेही खरं. एकरी टाक्यांचा हिशेब तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो. तुमची तीन टाक्यांसाठी अडचण होते का?

---

पऱ्हाटीवाला

नाई होत. बारा टाक्यांतच पाठ बोलते. आता ब्रशवालीच ठेवतो. ही मेली तं बीएलडीसी घेईन, पण ज्याचा कंट्रोलर सुटा मिळते तीच.

---

सौर_मोर्शी

'सुटा मिळते' हे लिहून घ्या मंडळी. आणि बिलावर लिहून घ्या.

---

पल्स_प्रयोग

मीही मोजलं. अर्धा किलोचा नट-बोल्टचा जुडगा दोऱ्यानं एक मीटर वर उचलला, ५ सेकंद लागले. म्हणजे साधारण १ वॅट. बॅटरीवर मोजून खर्च ४.८. वीस टक्के 😐

दुसऱ्या बॅटरीला बल्ब लावला. १२.६ चा व्होल्ट चार मिनिटांत ११.८ वर आला आणि बल्ब पिवळा पडला.

सर, रीड स्विचऐवजी हॉल सेन्सर आणि एका कॉइलऐवजी तीन लावले तर झटक्यांमधली पोकळी भरेल ना?

---

निवृत्त_निदेशक

भरेल. मग त्याला बीएलडीसी म्हणतात.

---

तांब्याची_तार

😂😂 पोट्ट्या, ये तू दुकानात.

---

वणीकर_७

धागा उशिरा वाचला. माझाही असाच पंप, असाच वास. तांब्याच्या ब्रशचं माप काय मागायचं दुकानात?

---

तांब्याची_तार

माप सांगून गोंधळ होते भाऊ, दर पंपाचं वेगळं. जुना ब्रश काढून कागदात बांधून सोबत न्या. झिजला असला तरी फक्त लांबी कमी होते, जाडी-रुंदी तेवढीच राहते. अन् स्प्रिंग घरी विसरू नका, अर्धे लोक स्प्रिंग विसरून येतात.